सपाटीवरच्या मुलांनी डोंगरधार चढावी

परभणीहून पूर्णेकडे जाणाऱ्या लोहमार्गावर पिंगळी हे एक लहानसे स्थानक आहे. समुद्रसपाटीपासून चारशे मीटरांच्या आसपास उंची असलेला हा प्रदेश गोदावरीच्या खोऱ्यातील सपाट, काळ्या जमिनीचा. येथील विद्यार्थ्याला डोंगर भेटतो तो प्रामुख्याने भूगोलाच्या नकाशात, पश्चिमेकडील तपकिरी पट्टीच्या रूपाने. ‘सह्याद्री हा महाराष्ट्रातील प्रमुख जलविभाजक आहे’ हे वाक्य तो पाठ करतो, परीक्षेत लिहितो आणि गुणही मिळवतो. परंतु जलविभाजक म्हणजे पायाखालची एक अरुंद धार असते, तिच्या एका अंगाला पडलेला थेंब कोकणात उतरतो आणि दुसऱ्या अंगाला पडलेला पूर्वेच्या वाटेला लागतो, याचा प्रत्यय त्याला क्वचितच येतो. गिर्यारोहण हा पुण्या-मुंबईच्या तरुणांचा छंद, असा जो समज मराठवाड्यात रूढ आहे, त्याच्या मुळाशी हेच अंतर आहे.

वस्तुतः पिंगळीच्या शिवाराचे आणि सह्याद्रीचे नाते परकेपणाचे नाही. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूपृष्ठावर पसरलेल्या लाव्हारसाच्या थरांतून दख्खनचे पठार घडले. सह्याद्रीचे काळेकभिन्न कडे हे त्याच बेसाल्टचे, आणि परभणीची कापसाची काळी माती ही त्याच खडकाची झीज होऊन तयार झालेली. पाण्याचे नाते तर याहून निकटचे. अकोले तालुक्यातील रतनगडापाशी प्रवरा उगम पावते. रतनगड आणि हरिश्चंद्रगड यांच्या दरम्यानच्या पूर्व उतारावर मुळेचा उगम होतो. मुळा नेवाशाजवळ प्रवरेला मिळते, प्रवरा गोदावरीला, आणि ते पाणी पैठणच्या नाथसागरात साठते. जायकवाडीचा डावा कालवा तेच पाणी परभणी जिल्ह्यात आणतो. २०१८ आणि २०२३ या तुटीच्या वर्षांत वरच्या धरणांतून जायकवाडीत किती पाणी सोडावे यावरून मोठा वाद झाला. त्या वादाच्या बातम्या परभणीत आवर्जून वाचल्या गेल्या. परंतु ज्या डोंगरावर ते पाणी पडते तो डोंगर पाहिलेले वाचक किती असतील?

रतनगडाहून कात्राबाईच्या खिंडीतून हरिश्चंद्रगडाकडे जाणारी पायवाट या दृष्टीने विलक्षण आहे. हा सारा मुलूख १९८६ मध्ये घोषित झालेल्या कळसूबाई–हरिश्चंद्रगड अभयारण्यात मोडतो. रतनवाडीच्या प्राचीन अमृतेश्वर मंदिरापासून वाट प्रवरेच्या काठाने दाट रानात शिरते. पुढे चढ असा उभा होतो की बोलणे आपोआप थांबते. कारवीच्या दाट झुडपांतून, मुरमाड घसाऱ्यावरून पाय रोवीत खिंड गाठावी लागते. मागे वळून पाहिले की प्रवरेचे खोरे दिसते. पुढे उतरू लागले की मुळेचे खोरे सुरू होते. या धारेने दोन नद्या वेगळ्या केल्या आहेत, आणि दोहोंचे पाणी अखेर एकाच जलाशयात जाते. पश्चिमेला सह्याद्रीचे कडे सरळ कोकणात कोसळलेले आहेत. भूगोलाचे एक अख्खे प्रकरण या एका चालीत उलगडते.

अशी वाट शरीरापेक्षाही विवेकाची परीक्षा घेते. पहाट फुटण्यापूर्वी निघावे लागते, कारण दुपारचे ऊन उघड्या कातळावर माणसाला हतबल करते. प्रत्येकाने आपले पाणी आपणच वाहावे लागते आणि ते दिवसभर पुरवावे लागते. चढताना दम लागतो, पण खरा धोका उतरताना असतो. थकलेले गुडघे आणि निसटती खडी यांची गाठ तेव्हाच पडते. कड्यांना लागलेल्या आग्या मोहोळांखालून जाताना धूर, अत्तर आणि आरडाओरडा वर्ज्य असतो. धुके उतरले तर दहा पावलांवरची वाट दिसेनाशी होते; अशा वेळी पुढे रेटण्यापेक्षा थांबणे, प्रसंगी परतणे, हेच शहाणपणाचे ठरते. तुकडीचा वेग तिच्यातील सर्वांत मंद चालणाऱ्याच्या वेगावर ठरतो. गुणवत्ता यादीवर पोसलेल्या शिक्षणपद्धतीत हा धडा अन्यत्र कोठे मिळणार?

सपाटीवरच्या मुलांना डोंगर ठाऊकच नाही, असे मात्र आता म्हणता येत नाही. हातातील दूरध्वनीच्या पडद्यावर अर्ध्या मिनिटाची चित्रफीत त्यांना कड्याच्या टोकावर उभा असलेला तरुण दाखवते. त्यामागची तयारी ती दाखवत नाही. परिणामी ऐन पावसाळ्यात, पायांत चपला आणि पाठीवर काही नाही अशा थाटात, तरुणांचे थवे गडांवर आणि धबधब्यांवर लोटतात. मे-जूनमध्ये काजवे पाहण्यासाठी भंडारदरा परिसरात जी गर्दी उसळते, तिच्या मोटारींच्या दिव्यांनी काजव्यांचाच अंधार हिरावला जातो. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यात भुशी धरणामागील धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले, आणि त्यानंतर पुणे जिल्ह्यातील पर्यटनस्थळांवर प्रतिबंधात्मक आदेश लागू झाले. अशा आदेशांची तातडीची गरज नाकारता येणार नाही. परंतु मनाई माणसाला एका दिवसापुरती रोखते. डोंगरात कसे वागावे हे ती शिकवीत नाही. आदेशाची मुदत संपली की तीच गर्दी, त्याच अज्ञानासह, त्याच वाटेवर येते.

राज्याने या बाबतीत काहीच केले नाही, असे नव्हे. २०२१ मध्ये पर्यटन विभागाने साहसी पर्यटनाचे धोरण आणले आणि अशा उपक्रमांचे आयोजन करणाऱ्यांसाठी नोंदणी व सुरक्षेचे नियम घातले. अपघात घडल्यावर दोर घेऊन दरीत उतरणारे लोणावळ्याच्या ‘शिवदुर्ग मित्र’सारख्या संस्थांचे स्वयंसेवक तर स्वतःचा कामधंदा बाजूला ठेवून धावतात. परंतु हे नियम आयोजकांसाठी आहेत आणि हे साहाय्य अपघातानंतरचे आहे. त्याआधीचा टप्पा, म्हणजे डोंगरात जाण्याचे रीतसर शिक्षण, तो शाळा-महाविद्यालयांनीच उचलावयाचा आहे.

त्यासाठी आरंभीच सह्याद्री गाठण्याची आवश्यकता नाही. परभणी जिल्ह्यातच, जिंतूरजवळ, नेमगिरीच्या टेकड्या आहेत. तेथील जैन लेण्यांमुळे त्या परिचितही आहेत. वर्षातून दोन-तीन वेळा विद्यार्थ्यांना तेथे चालवावे, नकाशा आणि होकायंत्र हाती द्यावे, पाणी जपून पिण्याची व वाट लक्षात ठेवण्याची सवय लावावी. ज्यांची एवढी तयारी झाली, त्यांची लहान तुकडी हिवाळ्यात मनमाडमार्गे इगतपुरीस आणि तेथून भंडारदऱ्याकडे न्यावी. सोबत प्रशिक्षित गिर्यारोहक असावा आणि वाटाड्या मात्र त्याच गावचा असावा. या डोंगरांत पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या महादेव कोळी व ठाकर समाजाच्या लोकांना प्रत्येक घळ आणि प्रत्येक झरा ठाऊक असतो. त्यांच्याकडे केवळ ओझे वाहणारे म्हणून न पाहता शिक्षक म्हणून पाहिले, त्यांना योग्य मोबदला दिला, तर विद्यार्थ्यांना आणखी एक गोष्ट उमगेल. ज्या डोंगरावर जायकवाडीपर्यंत पोचणारा पाऊस कोसळतो, तेथील वाड्यापाड्यांवर उन्हाळ्यात पाण्यासाठी पायपीट करावी लागते. पाणीवाटपाच्या प्रश्नाची ही बाजू वर्तमानपत्रातील आकड्यांतून ध्यानी येत नाही.

यावरील आक्षेप उघड आहेत. खर्चाचा प्रश्न आहे. परंतु आजही शाळांच्या सहली निघतातच, आणि धर्मशाळेत उतरून डोंगर चालणे हे मनोरंजन उद्यानापेक्षा महाग नाही. मुलींना पाठविण्यास पालक कचरतात; शिक्षिका सोबत असतील आणि आधीच्या टेकड्यांवरील सराव पालकांनी पाहिला असेल तर तो संकोच बराच ओसरतो. खरा आक्षेप शिक्षकाचा आहे. काही विपरीत घडले तर निलंबन त्याच्या वाट्याला येते, आणि काही चांगले घडले तर त्याची नोंदही होत नाही. ही भीती रास्त आहे आणि उपदेशाने ती जाणार नाही. प्रशिक्षण घेतलेल्या, नियम पाळलेल्या शिक्षकाच्या पाठीशी संस्था आणि शिक्षण खाते उभे राहील, अशी लेखी हमी हवी. विम्याची तरतूद हवी. आणि डोंगरातून मुलांना अर्ध्या वाटेवरून सुखरूप परत आणणाऱ्या शिक्षकाला अपयशी न मानण्याची समजूतही हवी.

पिंगळीच्या शाळेतील मुले आज ना उद्या सह्याद्रीवर जाणारच आहेत. रस्ते झाले, वाहने आली, चित्रफितींनी ओढ लावली. ती मुले तेथे गर्दीचा भाग म्हणून जाणार की आपल्या मातीचे आणि पाण्याचे मूळ शोधणारे विद्यार्थी म्हणून जाणार, एवढाच निर्णय वडीलधाऱ्यांच्या हाती उरला आहे. तो हिवाळ्याच्या सहलीचे बेत ठरण्यापूर्वी घेतला जावा.