दुसऱ्या फळीतला गडी

चेन्नईकडून बंगळूरला येणारी आगगाडी शहरात शिरण्यापूर्वी कृष्णराजपुरमला थांबते. रहिवासी या भागाला के. आर. पुरम म्हणतात. रेल्वेचा मोठा फाटा, रुळांवरून गेलेला झुलता पूल आणि जवळच व्हाइटफील्डच्या संगणक-कचेऱ्या, असा हा परिसर आहे. कामानिमित्त देशभरातून लोक येथे येऊन राहिले. त्यांत मराठी कुटुंबेही आहेत. येथल्या कित्येक घरांचा एक धागा अमेरिकेपर्यंत गेलेला असतो, आणि त्या धाग्यावरून तिकडचे खेळही घरात येतात. अमेरिकन फुटबॉलचा अंतिम सामना, ज्याला 'सुपर बोल' म्हणतात, तो आपल्याकडे सोमवारी पहाटे पाचच्या सुमारास सुरू होतो. तो पाहायला बसलेल्या मुलाला आजोबा विचारतात, "अरे, हा फुटबॉल ना? मग चेंडूला पाय का लागत नाही?"

प्रश्न रास्त आहे. या खेळात लांबट चेंडू बहुधा हातात घेऊन पळायचे किंवा फेकायचे असते. दोन्हीकडे अकरा-अकरा गडी. मैदान शंभर यार्डांचे. चेंडू ज्यांच्याकडे असेल त्यांना चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकता आले, तर पुन्हा चार प्रयत्न मिळतात. नाही तर चेंडू दुसऱ्या पक्षाकडे जातो. तेव्हा प्रत्येक यार्डासाठी झुंज असते, आणि या झुंजीच्या मध्यभागी जो उभा असतो, त्या 'लाइनबॅकर'विषयी आज मी बोलणार आहे.

बचाव करणाऱ्या पक्षाची पहिली फळी चेंडूच्या समोर वाकून उभी असते. तिच्या मागे चार-पाच पावलांवर हा गडी उभा राहतो. त्याची कामे तीन. चेंडू घेऊन घुसणाऱ्याला धरून पाडणे. चेंडू फेकणाऱ्या नायकावर, म्हणजे क्वार्टरबॅकवर, धाड घालणे. आणि चेंडू झेलावयास मागे पळणाऱ्याची पाठ धरणे. यांपैकी कोणते काम करायचे, हे त्याला चेंडू हलल्याबरोबर क्षणात ठरवावे लागते. कबड्डीत मध्यरक्षकाने चढाई करणाऱ्याचा पाय कोठे पडेल हे हेरून झेप घ्यावी, तसेच हे. आपल्या श्रोत्यांना एक गोष्ट गमतीची वाटेल: 2008 सालापासून बचावपक्षातल्या एका गड्याच्या शिरस्त्राणात छोटा रेडिओ बसविण्याची परवानगी आहे. बाहेर उभा असलेला शिक्षक त्यातून डाव सांगतो, आणि ऐकणारा बहुधा मधला लाइनबॅकरच असतो. मग तो ओरडून इतरांना जागा नेमून देतो.

आता या व्यवसायाचा हिशेब मांडू. त्यासाठी आपल्याला जवळचे वाटावे असे एक नाव घेतो. ब्रँडन चिल्लर याचा जन्म 1982 सालचा. वडील भारतीय वंशाचे, आई इटालियन वंशाची. कॅलिफोर्नियात वाढलेला हा मुलगा लॉस एंजेलिसच्या विद्यापीठाकडून खेळला. 2004 साली व्यावसायिक संघांनी खेळाडूंची निवड केली, तेव्हा सेंट लुईस रॅम्सने त्याला चौथ्या फेरीत घेतले. चार हंगाम तेथे, मग 2008 पासून ग्रीन बे पॅकर्सकडे. 2009 च्या अखेरीस त्याला दीर्घ मुदतीचा नवा करार मिळाला. पुढच्याच हंगामात खांदा दुखावला आणि त्याचे नाव जखमी खेळाडूंच्या यादीत गेले. फेब्रुवारी 2011 मध्ये त्याच्या संघाने सुपर बोल जिंकला, तो त्याने बाहेरूनच पाहिला. त्याच वर्षी जुलैमध्ये संघाने त्याला मोकळे केले. वय अठ्ठावीस. आपल्याकडे त्या वयात माणूस नोकरीत नुकता स्थिर होतो!

करार हातात असता हे घडले कसे? तेथील करारात लिहिलेली सगळी रक्कम बांधील नसते. हमी दिलेला भाग तेवढा पक्का, बाकीचे शरीर टिकले तर. खेळाडूंच्या संघटनेच्या हिशेबाने सरासरी कारकीर्द साडेतीन वर्षांपेक्षाही कमी भरते, आणि निवृत्तिवेतनाचा हक्क मिळवावयास तीन हंगाम पुरे करावे लागतात. म्हणजे चिल्लरचे सात हंगाम हे दीर्घायुष्यच म्हणायचे.

गुडघा आणि खांदा मोडला तर दिसतो. डोके दुखावले तर दिसत नाही. ज्युनियर सिओ हा नामांकित लाइनबॅकर वीस हंगाम खेळला आणि 2012 साली, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी, त्याने स्वतःचे जीवन संपविले. पुढे तपासणीत त्याच्या मेंदूत वारंवारच्या आघातांनी होणारा ऱ्हास आढळला. असा ऱ्हास बेनेट ओमालू या शवचिकित्सकाने 2002 साली एका माजी खेळाडूच्या मेंदूत प्रथम ओळखला होता. तथापि त्याचा खेळाशी संबंध आहे, हे साखळीच्या अधिकाऱ्याने उघडपणे मान्य केले ते 2016 साली. तत्पूर्वी, 2015 मध्ये, ख्रिस बोरलंड हा चोवीस वर्षांचा लाइनबॅकर एकच उत्तम हंगाम खेळून थांबला होता. पैसा समोर असताना त्याने आपल्या डोक्याचा विचार केला. मला हा निर्णय कोणत्याही पकडीइतकाच धैर्याचा वाटतो.

हा खेळ आपल्याकडेही आणण्याचा यत्न झाला. 2011 साली जाहीर झालेल्या भारतीय साखळीच्या पाठीराख्यांत स्वतः चिल्लर होता. बंगळूरचा संघ त्यात होता, मुंबईचा होता, आणि 2012 च्या पहिल्या हंगामाचे विजेतेपद पुणे मराठाज् या संघाने पटकावले. पुढे मात्र ती साखळी नियमितपणे चालली नाही.

परंतु व्यावसायिक खेळ मात्र आपल्या दाराशी आलाच आहे. 2014 पासून कबड्डीची व्यावसायिक साखळी सुरू झाली. तिच्या सहाव्या हंगामात, जानेवारी 2019 मध्ये, बंगळूरच्या संघाने मुंबईत अंतिम सामना जिंकला. पकड करणाऱ्या पोरांना आता लिलावात बोली लागते, ही आनंदाची गोष्ट आहे. मग अशा मुलाच्या आईबापांनी काय विचारावे? बोली किती लागली, एवढेच विचारू नये. गुडघा गेला तर उपचार कोण करणार, डोक्याला मार बसल्यावर त्याला मैदानाबाहेर ठेवण्याचा अधिकार कोणाला, आणि तिशीनंतर हातात कोणते शिक्षण राहील, हेही विचारावे. दुसऱ्या फळीतला गडी साऱ्या संघाला सावरतो. त्याला सावरणारी एक फळी त्याच्याही मागे असावी, एवढेच मागणे.