लहरींचे तळेही सर्वांचेच

२० मार्च १९२७ रोजी प. पू. डॉ. बाबासाहेब आंबेडकर महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीने प्याले. कागदोपत्री ते तळे त्याआधीच खुले होते. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव सी. के. बोले यांनी १९२३ साली मुंबई कायदे कौन्सिलात मंजूर करून घेतला होता. महाड नगरपालिकेनेही १९२४ साली तसाच ठराव केला होता. पण ठरावाने तहान भागत नाही. माणसांना तळ्यापर्यंत चालत जावे लागले.

बंधू-भगिनींनो, असेच एक तळे आज आपल्या डोक्यावर आहे. ते डोळ्यांना दिसत नाही, इतकेच. रेडिओ, टीव्ही, मोबाईल ज्या लहरींवर चालतात, त्या लहरींचे हे तळे. या लहरी सार्वजनिक मालमत्ता आहेत, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली एका निकालात स्पष्ट सांगितले आहे. म्हणजे त्यांत तुमचा-आमचाही वाटा आहे.

आज शिष्यवृत्तीचा अर्ज, जातीचा दाखला, परीक्षेचा निकाल, सारे इंटरनेटवर गेले आहे. भारतनेट योजनेची तार येते ती ग्रामपंचायतीच्या कार्यालयापर्यंत. आपली वस्ती मात्र अनेक गावांत गावठाणाबाहेर, ओढ्यापलीकडे. तेथवर तार कोण ओढणार? 'रेंज' मिळावी म्हणून आपली मुले फोन हातात घेऊन टेकडी चढतात.

यावर एक उपाय आपल्याच महाराष्ट्रात करून पाहिला गेला आहे. टीव्हीसाठी राखून ठेवलेल्या लहरींपैकी किती वापरात आहेत, याचा अभ्यास मुंबईच्या आयआयटीतील प्रा. अभय करंदीकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. २०१४ साली त्यांनी मांडले की ४७० ते ५९० मेगाहर्ट्झ या पट्ट्यातील १५ वाहिन्यांपैकी जवळजवळ सर्वत्र किमान १२ वाहिन्या मोकळ्याच पडून आहेत. पुढे दूरदर्शनने आपली बहुतेक जुनी जमिनीवरील प्रक्षेपणकेंद्रेही २०२२ पर्यंत बंद केली.

या पडीक लहरींवर त्यांनी पालघर भागात खामलोली व आसपासच्या गावांत प्रायोगिक परवान्यावर इंटरनेट नेऊन दाखवले. घरातील वायफायच्या लहरींपेक्षा या लहरी लांब जातात आणि झाडाझुडपांतून अधिक चांगल्या पार होतात. म्हणून तारेच्या टोकापासून वस्तीपर्यंत त्यांनी जायचे आणि वस्तीत साध्या वायफायने फोनवर पोचायचे. २०१७ साली त्यांच्या 'ग्राम मार्ग' प्रकल्पाला मोझिला संस्थेच्या स्पर्धेत पहिले बक्षीस मिळाले.

मग मूळ वापरणाऱ्याचे काय? त्याला धक्का लागत नाही. वस्तीतील यंत्र आधी आपले ठिकाण एका नोंदवहीला कळवते. ही नोंदवही संगणकात असते. कोणती वाहिनी येथे मोकळी आहे आणि किती जोराने वापरावी, हे ती सांगते. मूळ मालकाला गरज पडली की यंत्र जागा सोडून दुसरीकडे सरकते. पाणी सर्वांनी भरायचे, पण भांडण न करता पाळीने, तसाच हा प्रकार. अमेरिकेने अशा वापराला २००८ सालीच मान्यता दिली.

आपल्याकडे २०२३ च्या दूरसंचार कायद्यात याला जागा आहे. एकाला दिलेल्या लहरी, त्याला अडथळा होत नसेल तर, सरकार दुसऱ्यालाही देऊ शकते. सबळ कारणाशिवाय पडून राहिलेल्या लहरी परतही घेऊ शकते. पण हा दुसरा कोण असेल? बड्या कंपन्याच, की गावची शाळा, बचतगट, ग्रामपंचायतही? आपण मागणी केली नाही, तर उत्तर आपल्याला विचारून ठरणार नाही.

हे तंत्र म्हणजे जादू नव्हे. मुळात तार चालू हवी, वीज हवी आणि यंत्र सांभाळणारे माणूस हवे. म्हणून येत्या ग्रामसभेत तरुणांनी आणि विशेषतः महिलांनी तीन प्रश्न विचारावेत. भारतनेटची तार आपल्या पंचायतीत आली आहे का? आली असल्यास चालू आहे का? आणि तेथून आमच्या वस्तीपर्यंत इंटरनेट कसे व कधी आणणार? उत्तर तोंडी घेऊ नका. ठराव लिहून घ्या, त्याची प्रत मागा आणि ती विहारात लावा.

कागदावर खुले झालेले तळे आपण एकदा पाहिले आहे. लहरींच्या तळ्यापर्यंतही चालत जाऊ या.

जय भीम!