लाल कोपऱ्याचा कागद

पुणे-सोलापूर रस्त्यावरचे कुरकुंभ हे दौंड तालुक्यातील गाव फिरंगाईच्या देवळासाठी आणि औद्योगिक वसाहतीतील रसायनांच्या कारखान्यांसाठी पंचक्रोशीत परिचित. तथापि फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी तेथील एका कारखान्यावर छापा घालून मेफेड्रोन ह्या अमली पदार्थाचा शेकडो किलोंचा साठा हस्तगत केला आणि मुख्य संशयित परदेशी निसटल्याचे सांगितले, तेव्हा ह्या गावाचा संबंध एकाएकी आंतरराष्ट्रीय कायद्याशी जडला. मग साहजिकच प्रश्न आला : इंटरपोल त्याला उचलून का आणीत नाही?

हा प्रश्न आपल्याला सिनेमाने शिकविला आहे. चंद्रा बारोट यांच्या १९७८ सालच्या ‘डॉन’मध्ये इंटरपोलचा अधिकारी म्हणून मलिक मोठ्या रुबाबाने वावरतो, त्याच्या अधिकाराची शहानिशा कोणी करीत नाही, आणि शेवटी तो तोतया ठरतो. गंमत अशी की, मुलखोमुलखी बेड्या घेऊन हिंडणारा इंटरपोलचा अंमलदार वास्तवात भेटलाच, तर तो तोतयाच असावयाचा. कारण फ्रान्समधील लियों शहरी मुख्य कचेरी असलेल्या १९६ देशांच्या ह्या संघटनेला स्वतः कोणासही अटक करण्याचा अधिकार नाही. तिची ‘रेड नोटीस’ म्हणजे कोपऱ्यात लाल खूण, खाली छायाचित्र, नाव, जन्मतारीख आणि आरोप असलेला एक कागद. त्यात हुकूम नसतो, विनंती असते, आणि तिला किती मान द्यावयाचा हे प्रत्येक देश आपल्या कायद्यानुसार ठरवितो.

त्यापुढचे काम प्रत्यार्पणाचे. त्यासाठी देशादेशांत करार होतात; उदाहरणार्थ, भारत आणि ब्रिटन यांच्यात तो १९९२ साली झाला. अशा करारांत आरोपाचे कृत्य उभय देशांत गुन्हा असावे लागते, पुराव्याचे दस्तऐवज परक्या न्यायाधीशापुढे टिकावे लागतात, आणि ज्या आरोपांसाठी माणूस सोपविला त्यांवाचून अन्य जुन्या आरोपांचा खटला, सोपविणाऱ्या देशाच्या संमतीवाचून, सहसा चालविता येत नाही. पडद्यावर विमानतळाच्या एका दृश्यात उरकणारे हे प्रकरण कचेऱ्यांत वर्षानुवर्षे रेंगाळते, ते ह्यामुळे.

ह्या कागदांचे बळ मुंबईने १९९३ च्या बॉम्बस्फोटांतील आरोपी अबू सालेमच्या प्रकरणात पाहिले. २००२ साली लिस्बनमध्ये पकडलेल्या सालेमला फाशी अथवा २५ वर्षांहून अधिक कैद होणार नाही, असे वचन भारताने पोर्तुगालला दिले, तेव्हा कोठे २००५ मध्ये तो येथे आणला गेला. त्या बॉम्बस्फोटांच्या खटल्यात त्यास जन्मठेप झाली; परंतु जुलै २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते वचन पाळण्यास सरकार बांधील असल्याचे सांगितले.

फरारी इसमाला गाठण्यासाठी जो कायदा हाती धरावा, तो प्रथम आपलाच हात बांधतो. कुरकुंभच्या प्रकरणातील संशयित उद्या प्रत्यार्पणाने आणला गेलाच, तर त्याच्यासमवेत अटींचे एक दप्तरही येईल, आणि ते पुण्याच्या न्यायालयालाही उघडून वाचावे लागेल.