प्लास्टरमधला पाय ठणकतो तेव्हा

नडगीचे हाड मोडले, प्लास्टर घातले, आता काळजी मिटली, असे घरच्यांना वाटते. एके काळी मलाही तसेच वाटत असे.

बऱ्याच वर्षांपूर्वी कबड्डी खेळताना पाय मोडलेला बावीस वर्षांचा एक तरुण माझ्याकडे आला. जखम नव्हती, हाडही फारसे सरकले नव्हते. प्लास्टर घालून मी त्याला घरी पाठवले. रात्री अकराला त्याचा धाकटा भाऊ दारात. ''डॉक्टर, दादा नुसता ओरडतोय.'' मी वेदनाशामक गोळ्या दिल्या आणि सकाळी घेऊन या म्हटले. सकाळी प्लास्टर कापले तेव्हा नडगीच्या बाजूचे स्नायू दगडासारखे कडक लागत होते आणि त्याला अंगठा वर उचलता येत नव्हता. शस्त्रक्रिया झाली, पाय वाचला, पण पाऊल लुळे पडले ते कायमचे.

गुडघ्याखाली स्नायूंचे चार कप्पे असतात. त्यांच्या भोवतीचे आवरण चिवट असते, ते फारसे ताणत नाही. हाड मोडले की आत रक्त साचते, स्नायू सुजतात आणि कप्प्यातला दाब वाढून बारीक रक्तवाहिन्या चेपतात. सहा-आठ तास रक्त मिळाले नाही तर स्नायू मरू लागतात. याला कंपार्टमेंट सिंड्रोम म्हणतात.

धोका कोणाला जास्त? म्हाताऱ्यांना, असे कोणीही म्हणेल. प्रत्यक्षात उलटे आहे. एडिंबरोच्या अस्थिशल्यविशारदांनी २००० साली अशा १६४ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात तरुण पुरुषांचा भरणा होता आणि सर्वांत मोठे कारण नडगीचे हाड मधोमध मोडणे हेच होते. तरुणाचे स्नायू भरलेले, म्हणून सुजेला जागाच उरत नाही. हाड चेंगरले असेल किंवा रुग्ण रक्त पातळ करणारे औषध घेत असेल तर धोका वाढतो. वरून प्लास्टर किंवा हाडवैद्याच्या पट्ट्या घट्ट असतील तर विचारायलाच नको. जखमेतून रक्त वाहून गेले म्हणजे दाब उरला नाही, हा समजही खोटा आहे.

हाड स्थिर झाल्यावर दुखणे कमी व्हायला हवे. ते वाढत चालले, गोळीने हटेना, बोटे हळूच खाली-वर केली तरी कळ येऊ लागली, तर सकाळची वाट पाहू नका. मुंग्या आणि बधिरपणा ही पुढची पायरी. नाडी लागते, नखे गुलाबी आहेत, म्हणून गाफील राहू नये. मोठी रक्तवाहिनी बराच वेळ चालू राहते. बेशुद्ध किंवा दारू प्यायलेला रुग्ण आणि लहान मूल यांना दुखणे सांगता येत नाही, त्यांच्यावर दुप्पट नजर हवी.

अशा वेळी चोळू नये. पाय छातीच्या पातळीवर ठेवावा, उशांवर उंच चढवू नये. डॉक्टर प्लास्टर आतल्या कापसासकट कातडीपर्यंत उघडतात. तेवढ्याने भागले नाही तर आवरणाला लांब छेद देऊन चारही कप्पे मोकळे करावे लागतात आणि जखम काही दिवस उघडी ठेवतात. ''हाड मोडलंय, मांस कशाला कापता?'' असे म्हणून नातेवाईक सही करायला अडतात, आणि त्यात तास जातात.

आता नडगी मोडलेल्या तरुणाला मी पहिली रात्र दवाखान्यातच ठेवतो. सिस्टर त्याला तासातासाला उठवून बोटे हलवायला लावते. ''झोपू द्या की त्याला,'' असे आई हटकून म्हणते.