देवदूतांच्या प्रेमकथा आणि चांदवडची रेणुका

स्वर्गीय किंवा अमानवी पात्र आणि मर्त्य माणूस यांच्या प्रेमाभोवती रचलेल्या कादंबऱ्यांना अतिमानवी प्रेमकथा म्हणता येईल. लॉरेन केट यांच्या 2009 मधील ‘फॉलन’ या कादंबरीपासून सुरू झालेल्या मालिकेत स्वर्गातून पतित झालेला देवदूत डॅनियल आणि पुनःपुन्हा जन्म घेणारी ल्यूस यांची प्रत्येक जन्मी ताटातूट होते. मराठी वाचकाला ही कल्पना परकी वाटू नये, कारण अप्सरा आणि गंधर्व, म्हणजे देवलोकातील नर्तकी व गायक, यांचा मर्त्यांशी जडलेला संबंध ऋग्वेदातील पुरूरवा-उर्वशी संवादाइतका जुना आहे. कालिदासाच्या ‘विक्रमोर्वशीय’ नाटकात तर उर्वशी वेल होऊन हरवते आणि राजा पुरूरवा रानोमाळ तिला शोधत फिरतो.

चांदवडला मुंबई-आग्रा महामार्गालगत जिचे मंदिर आहे, त्या रेणुकेची कथा याच्याच जवळची, पण अधिक कठोर आहे. भागवताच्या नवव्या स्कंधानुसार पाणी आणण्यास गेलेली रेणुका अप्सरांसह जलक्रीडा करणाऱ्या गंधर्वराज चित्ररथाकडे किंचित ओढली जाते आणि तेवढ्या मानसिक स्खलनासाठी पती जमदग्नीच्या आज्ञेने पुत्र परशुराम तिचा वध करतो, मग वर मागून तिला जिवंत करतो. महाभारताच्या वनपर्वात मात्र हाच चित्ररथ मार्तिकावताचा मर्त्य राजा आहे. आधुनिक मालिकांत अशी ओढ नायिकेचा हक्क ठरते, पुराणात ती अपराध ठरते. चित्ररथाला मात्र भागवत आणि महाभारत या दोन्ही ग्रंथांत कोणतीही शिक्षा नाही.