घडीचा दस्ता आणि ढळणारा नेम

रायफलीची लांबी प्रामुख्याने नळी आणि दस्ता या दोन भागांवर ठरते. अमेरिकेतील सामान्य बंदूकधारकाला यांपैकी नळीला सहसा हात लावता येत नाही, कारण तेथील १९३४ च्या नॅशनल फायरआर्म्स अॅक्टच्या आजच्या व्याख्येनुसार १६ इंचांहून आखूड नळीची किंवा २६ इंचांहून कमी एकूण लांबीची रायफल वेगळ्या नोंदणीच्या कक्षेत येते. शिवाय नळी कापली की दारूच्या वायूला गोळी ढकलण्यास कमी अंतर मिळते आणि गोळीचा वेग घटतो. त्यामुळे लांबी कमी करण्यासाठी मूळ उत्पादकाखेरीज इतरांनी तयार केलेले जे जोडभाग बाजारात मिळतात, त्यांतील बहुतेक दस्त्याशी, म्हणजे खांद्याला टेकवण्याच्या मागच्या भागाशी संबंधित असतात.

यांतील एक जुना आणि आजही विकला जाणारा उपाय म्हणजे बिजागरीवर दुमडणारा दस्ता. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी छत्रीधारी सैनिकांसाठी एम-१ कार्बाइनला असा दस्ता बसवण्यात आला, तेव्हा सुमारे ३६ इंचांचे ते हत्यार घडी घातल्यावर सुमारे २६ इंचांवर आले. परंतु उघडलेला दस्ता पक्क्या खटक्याने जखडला जात नसून केवळ स्प्रिंगच्या दाबावर जागी राहत असे. घडीच्या दस्त्याचे खरे मूल्यमापन नेमके याच ठिकाणी करावे लागते. जाहिरातीत घडी घातलेली लांबी ठळकपणे छापलेली असते, पण नेम धरला जातो तो दस्ता उघडलेला असताना, आणि बिजागरीत केसभर जरी ढिलेपणा असला तरी गाल टेकण्याची जागा प्रत्येक वेळी किंचित बदलते, डोळा दुर्बिणीच्या मध्यरेषेवरून सरकतो आणि धक्क्यागणिक तो ढिलेपणा वाढत जातो. म्हणून दस्ता उघडून, खटका बसवून, रायफल रिकामी असल्याची खात्री करून तो आडवा आणि उभा हलवून पाहणे, ही साधी चाचणी कोणत्याही आकडेवारीपेक्षा अधिक विश्वसनीय ठरते.

एआर-१५ जातीच्या रायफलींत अडचण आणखी खोलवर आहे. या रायफलींमध्ये गोळी सुटल्यानंतर मागे सरकणारा बोल्ट आणि त्याला परत ढकलणारी स्प्रिंग यांच्यासाठी दस्त्याच्या आत एक नळकांडे असते, त्यामुळे तो दस्ता नुसती बिजागरी लावून दुमडता येत नाही. मागे-पुढे सरकणारा दस्ता हाच तिथला नेहमीचा मार्ग असून, लष्करी एम-४ मध्ये त्यामुळे ८३८ मिलिमीटर लांबी ७५६ पर्यंत खाली येते. नळकांड्याच्या मुळाशी बसणारे घडीचे अॅडॅप्टर याहून बरीच जास्त लांबी वाचवते. मात्र त्याने वजन वाढते, चापापासून खांद्यापर्यंतचे अंतर इंचभराने लांबते आणि दुमडलेल्या अवस्थेत रायफल चालवता येत नाही. प्रवासाच्या पिशवीपुरती लांबी कमी हवी असेल, तर हा सौदा रास्त आहे. घाईच्या प्रसंगासाठी तो योग्य नव्हे.

बुलपप संच, म्हणजे यंत्रणा चापाच्या मागे नेणारे आवरण, याची गोष्ट निराळी आहे. रुगर १०/२२ सारख्या रायफलीला असा संच बसवल्यास नळी तितकीच राहून लांबी कायमची कमी होते. पण चाप आणि मूळ यंत्रणा यांच्यामध्ये लांब दांडा येतो, त्यामुळे चापाची ओढ जड आणि संदिग्ध होते. डावखुऱ्याच्या तोंडाजवळूनच रिकामी काडतुसे उडतात. कायद्याच्या मोजमापातही फरक पडतो: घडीचा दस्ता उघडून मोजला जातो, तर बुलपपला उघडण्यासारखे काहीच नसल्याने २६ इंचांची मर्यादा आहे त्या लांबीतच पाळावी लागते.

भारतात हा विचार सुरू होण्याआधीच शस्त्र अधिनियम १९५९ चे कलम ६ लागू होते. त्याप्रमाणे परवान्याशिवाय बंदुकीची नळी आखूड करता येत नाही.