संस्थात्मक भागधारणेचे प्रकटन : वैयक्तिक गुंतवणूकदाराच्या दृष्टीने अन्वयार्थ

प्रस्तावना :
भांडवल बाजारात आपली बचत गुंतविणारा वैयक्तिक गुंतवणूकदार अनेकदा म्युच्युअल फंड, विमा कंपन्या व विदेशी गुंतवणूक संस्था यांच्या खरेदी-विक्रीवरून निर्णय घेतो. मोठ्या संस्थेचे नाव यादीत आले म्हणजे कंपनी सुरक्षित आणि ते गेले म्हणजे संकट, असा त्याचा समज असतो. हा समज कितपत ग्राह्य आहे, याचा विचार सदर लेखात केला आहे.

प्रकटनाचे स्वरूप :
सेबीच्या २०१५ च्या विनियमांनुसार सूचीबद्ध कंपनीस तिमाही संपल्यापासून २१ दिवसांत भागधारणेचा तपशील शेअर बाजारास सादर करावा लागतो. त्यात १ टक्का वा अधिक धारणा असलेल्या सार्वजनिक भागधारकांची नावे येतात. हा तपशील तिमाहीच्या अखेरच्या दिवसाची स्थिती दर्शवितो. संस्थेने समभाग कोणत्या भावाने व कोणत्या हेतूने घेतले, हे त्यात नसते. तसेच निर्देशांक फंडांची खरेदी निर्देशांकातील बदलानुसार होते. तिला कंपनीविषयीचे अनुकूल मत मानता येत नाही.

टक्केवारीची मर्यादा :
समजा, एका कंपनीचे १० कोटी समभाग असून एका संस्थेकडे १०,२०,००० म्हणजे १.०२ टक्के समभाग आहेत. कंपनीने इतरांना ५० लाख नवे समभाग दिल्यास संस्थेची धारणा ०.९७ टक्क्यांवर येते. संस्थेने एकही समभाग विकलेला नसताना तिचे नाव यादीतून नाहीसे होते. हे पाहून आपले समभाग विकणारा गुंतवणूकदार न घडलेल्या विक्रीचे अनुकरण करतो.

संस्थांची उपस्थिती व सुरक्षितता :
जानेवारी २००९ मध्ये सत्यम कॉम्प्युटर्सचा हिशेबातील गैरव्यवहार उघड झाला, तेव्हा अनेक देशी-विदेशी संस्था तिच्या भागधारक होत्या. त्यांच्या उपस्थितीने सामान्य भागधारकाचे संरक्षण झाले नाही. त्याच महिन्यात सेबीने प्रवर्तकांच्या तारण समभागांचे प्रकटन बंधनकारक करण्याचा निर्णय घेतला.

निष्कर्ष :
टक्केवारीऐवजी समभागांची प्रत्यक्ष संख्या पाहावी, एकूण भागभांडवलातील बदल तपासावा, किमान चार तिमाहींची तुलना करावी आणि प्रवर्तकांच्या तारणाची नोंद वाचावी. संस्थात्मक भागधारणेचे प्रकटन अभ्यासाचा आरंभ ठरू शकते. ताळेबंदाच्या वाचनास ते पर्याय ठरत नाही.